पूजेतला पाना

"मागचं बघितलं का?"

हाच भाऊंचा नमस्कार. सकाळी माझ्या टपरीच्या बाकावर टेकले की चहा मागायच्या आधी हे विचारणार. कुणालाही. मी शेगडी पेटवत असेन तर मला, एसटीचा ड्रायव्हर काच पुसत असेल तर त्याला. एकदा पुण्याकडचं नवं जोडपं गाडी फिरवायला आलं. बायको पुढे बसली, नवरा मागे. भाऊंनी त्या नवऱ्याला अगदी गंभीर तोंडानं विचारलं, "मागचं बघितलं का?" तो बिचारा उठून स्वतःची पँट मागून चाचपायला लागला. मी हसता हसता कपातला चहा सांडला. भाऊंच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. "चाकाचं म्हणतोय मी," एवढं बोलले आणि खाली वाकले.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेलच. एकच गोष्ट धरून बसतो, आणि ती आपल्यालाही धरून बसायला लावतो. गॅस बंद केला का, कडी लावली का, नळ नीट फिरवला का. असल्या माणसाचा वैताग येतो हो. मलाही यायचा. तोंडावर सांगायचे मी, "भाऊ, लई पिडता तुमी." ते म्हणायचे, "पिडतो तर पिडतो. चहा द्या."

भंडारदऱ्याला धरणाच्या वरच्या अंगाला माझी टपरी आहे. भजी, चहा, कुणी आधी सांगितलं तर पिठलं-भाकरी. टपरीच्या शेजारी मोकळं माळरान आणि त्याच्या पलीकडे चढ. त्या चढावर पर्यटकांना फिरवायच्या चार गाड्या आहेत. जाड टायरांच्या, बुटक्या, दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणाऱ्या. शहरातली पोरं त्यांना एटीव्ही म्हणतात, आम्ही बेडूकगाड्या म्हणतो. त्यांचा मालक आमच्याच गावचा. शेंबडा होता तेव्हापासून मी त्याला ओळखते, पण आता सगळे मालक म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्याच्या गाड्या नीट ठेवायचं काम भाऊंचं.

भाऊ नगरचे. तिथं एमआयडीसीत बरीच वर्षं काढलेली, बायको वारलेली, मूलबाळ नाही. ख्रिस्ती माणूस. पाखराएवढा जीव, अंगावर कायम तोच निळा शर्ट, आणि नखांतलं काळं रविवारी प्रार्थनेच्या दिवशीसुद्धा पुरतं निघायचं नाही. नाताळला नगरला जायचे आणि परत येताना केक आणायचे. अर्धा मला, अर्धा मालकाच्या आईला. त्या माउलीला आम्ही सगळे आईच म्हणतो. दिवाळीत आईंकडून भाऊंना करंज्यांचा डबा यायचा. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून भाऊ त्यात माझ्याकडून शेंगदाण्याचे लाडू विकत घेऊन भरायचे आणि "घरी केले" म्हणून सांगायचे. आईंना माझ्या हाताची चव ठाऊक होती. त्या कधी बोलल्या नाहीत.

तर हे "मागचं" म्हणजे काय, ते सांगते. मी भजी तळणारी बाई, पण हे मला पाठ झालंय. मागच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा असतो, एक्सल म्हणतात त्याला. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक मोठा नट. तो नट पक्का असेल तर चाक जागेवर. जरा ढिला झाला की चाक आतल्या दात्यांवर खेळायला लागतं, दाते झिजतात, आणि एखाद्या चढावर चाक निघून जातं. नव्या गाड्यांत तो नट फिरू नये म्हणून आरपार पिन असते. आमच्या गाड्या जुन्या. भोकं झिजलेली, पिना कधीच गळून गेलेल्या. "एक्सल बदला," असं भाऊ मालकाला म्हणायचे. "पुढच्या हंगामात," असं मालक म्हणायचा. तोवर भाऊ रोज सकाळी नट आवळायचे.

आवळणंही कसं, बघण्यासारखं. त्या नटाला लागणारा मोठा पाना त्यांनी नगरहून आणला होता, तेवढा मोठा आमच्या भागात घरोघरी नसतो. तो नटावर चढवायचा, त्याच्या दांड्यात लांबलचक पाइप घालायचा आणि स्वतः त्या पाइपवर चढून उभं राहायचं. पण वजनच नव्हतं हो त्या माणसात. मग मला हाक यायची, "वहिनी, जरा पीठ द्या." मी बेसनाची पिशवी द्यायची, ती खांद्यावर घेऊन भाऊ पाइपवर उभे. नट करकरला की "हं" म्हणायचे आणि उतरायचे. पर्यटक फोटो काढायचे. मी म्हणायचे, "भाऊ, भज्यांत तुमचाच घाम उतरतोय."

आवळून झालं की नटावरून एक्सलच्या टोकापर्यंत एक लाल रेघ ओढायचे, नेलपॉलिशची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. लांबूनसुद्धा कळतं. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून रेघ कायम वाकडी. ते नेलपॉलिश राजूरच्या बाजारातून आणायचे. एकदा दुकानदारानं विचारलं, "भाऊ, कुनासाठी हो?" हे म्हणाले, "चार जणी आहेत." झालं! गावभर बोभाटा. या वयात चार जणी! मी विचारलं तर म्हणाले, "गाड्या चारच आहेत ना वहिनी? मग खोटं काय बोललो?"

आणि एक नेम. सकाळची पहिली फेरी त्यांची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, प्रत्येक गाडी आधी ते स्वतः चढावरून फिरवून आणणार. कान खाली करून, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा. "ढिला नट बोलतो, वहिनी. टक, टक. ऐकणारा पाहिजे." मालकाला या फेऱ्यांचा कंटाळा यायचा, पण तोही गप्प बसायचा. भाऊ होते तोवर त्या चढावर कुणाला साधं खरचटलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, करवत, गॅरेजवाल्याचे पाने, शिंप्याची कात्री, जे ज्याचं पोटाचं साधन ते धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. मग दसऱ्याला दुपारी नैवेद्य होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाड्यांना हार घातला की त्या मोकळ्या, पण हत्यारं पूजेतच. मालकाच्या घरी ही पूजा आई करतात, गाड्यांच्या शेडमध्येच, उपास धरून.

भाऊ आले त्या पहिल्याच वर्षी त्यांना हे माहीत नव्हतं. दसऱ्याला सकाळी आले आणि पाटावरून पाना उचलून कामाला लागले. झेंडूचं फूल पाइपाखाली चिरडलं. आई दारात आल्या, पाहिलं, एक शब्द बोलल्या नाहीत. पाना परत आल्यावर तो धुतला, पुन्हा मांडला, सगळी पूजा पहिल्यापासून केली, आणि उपास दिवसभर तसाच पुढे नेला. भाऊंना हे माझ्याकडून कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. "काहीतरी बोलायचं तरी," म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं." तेव्हापासून खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः सगळे नट दुप्पट जोर लावून आवळायचे, पाना रॉकेलनं स्वच्छ करायचे आणि दोन्ही हातांनी आईंकडे द्यायचे.

गेल्या वर्षी नेमकं त्यांच्या पुतण्याच्या लेकराचा बाप्तिस्मा आला. भाऊ खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच नट आवळून नगरला गेले. ते नाहीत असं बघून मालकाच्या डोक्यात आलं, दसऱ्याला गाड्या चकाचक करू. रंगारी बोलावला. त्यानं मागची चाकं उतरवली, रंग दिला, चाकं बसवली. नटांवर लाल रेघा दिसत होत्या, त्याला वाटलं शोभेच्या आहेत. त्यानं नव्या ओढल्या. सुरेख, पट्टी लावल्यासारख्या.

भाऊ खंडेनवमीला दुपारच्या एसटीनं परत आले. बाप्तिस्म्याचे पेढे माझ्या हातावर ठेवले आणि सरळ शेडकडे गेले. मी पाठोपाठ गेले, गाड्या बघायला. हार घातलेल्या, चंदेरी, नव्या नवरीसारख्या दिसत होत्या. भाऊ मागच्या चाकाशी उकिडवे बसले.

"ही रेघ माझी नाही," म्हणाले.

"रंगाऱ्यानं वढली आसंल. चांगली सरळ हाय की," मी म्हणाले.

"तेच तर. माझी कधी सरळ आली का?"

उठले आणि पाटाकडे वळले. लाल कापडावर सगळी हत्यारं मांडलेली, मधोमध तो मोठा पाना. हळदीची बोटं, कुंकू, वर झेंडू. भाऊंनी हात पुढे केला. पार पान्याच्या जवळ नेला. मग मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

"आईंना सांगा की," मी म्हणाले. "त्या देतील काढून."

"विचारलं की देतीलच, वहिनी. म्हणून तर विचारत नाही."

"मग मालकाला सांगा."

"तो काय करणार? आईची पूजा मोडूनच आणणार ना?"

मालकाची मोटारसायकल घेऊन ते राजूरला गेले. कुठल्या तरी गॅरेजमध्ये तेवढा मोठा पाना मिळेल म्हणून. दिवस मावळायच्या आत परत आले, रिकाम्या हातानं. मला तर हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी अख्ख्या तालुक्यातले पाने हळदीकुंकवाखाली! "सगळीकडे पूजा," भाऊ म्हणाले. "एकानं तर बसवून प्रसाद दिला. तिथं पाना कुठल्या तोंडानं मागू?"

मी चिडले. स्पष्ट सांगते, नको नको ते बोलले. म्हटलं, "आवो, लोखंडाचा पाना हाय तो! तुमच्या धर्मात कुटं हाय हे? तुमाला कशाचा आलाय नेम?"

ते बाकावर बसून पायातली चप्पल न्याहाळत होते. म्हणाले, "माझ्या आईचं बायबल होतं. तिच्या उशाशी असायचं. आमच्या घरी सगळ्या जातीची माणसं यायची, पण त्यावर कुणी कधी कप ठेवला नाही. कुणी सांगितलं होतं त्यांना?" मग चप्पल पायात सरकवत, "चाकं हलवून बघितली मी. हलत नाहीत. उद्या पहिली फेरी माझीच आहे. नट बोलला की तिथंच गाडी थांबवतो. दुपारी पाना सुटला की सगळं आवळून घेऊ."

दसऱ्याला सकाळी ऊन छान पडलं होतं. चढावर सोनकीची पिवळी फुलं आलेली. पर्यटकांची ही गर्दी. माझ्याकडे एक घाणा निघतोय तोवर दुसऱ्याची मागणी. मालक तिकिटं देत होता. भाऊ एकेक गाडी घेऊन वर जात होते, नेहमीपेक्षा सावकाश. मालकाला त्यात नवीन काही वाटलं नाही, ही रोजचीच फेरी. आणि त्याच्या मनात आलेलं त्यानं मला नंतर रडत रडत सांगितलं, "मला वाटलं, भाऊंनी पाना केव्हाच उचलला आसंल. त्यांना कुठं आपला नेम हाय, मावशी?"

पहिली गाडी नीट आली. दुसरी नीट आली. तिसरीवर एक लहान मुलगी आधीच चढून बसली होती, पिवळा फ्रॉक, हातात माझ्याकडची भजी. बाप तिच्या मागे बसायला निघाला होता. भाऊंनी तिला उचलून खाली ठेवलं.

"मागचं बघितलं का?" त्यांनी तिला विचारलं.

"कुणाचं मागचं?" ती म्हणाली. सगळे हसले. भाऊसुद्धा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. ते गाडी घेऊन गेले आणि ती मुलगी माझ्या बाकावर येऊन बसली.

सपाटीवर त्यांनी एक गोल चक्कर मारली. थांबले, कान दिला, मान हलवली, पुढे निघाले. हातानं फिरवून ठेवलेला नट सपाटीवर बोलत नाही, हे मला आता माहीत आहे. चढ लागला, गाडी घुरघुरली, वळणावरच्या कातळावर चढली. मी कढईत झारा घातला होता.

आधी चाक आलं. एकटं, उड्या मारत, माळावरून घरंगळत सरळ माझ्या टपरीकडे. बाकाला धडकून आडवं पडलं. त्या लेकरानं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, खेळच आहे काहीतरी.

मग वरून इंजिनाचा आवाज येत राहिला, नुसताच, आणि मी शेगडी तशीच जळती ठेवून पळाले.

गाडी कातळावरून उलटून त्यांच्या अंगावर पडली होती. मालकानं आणि लोकांनी ती उचलली. जीपमध्ये मागच्या सीटवर मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. घाटातल्या वळणावर त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत नव्हते. ओठ हलले, मी कान खाली नेला.

"मागं कुणी बसलं नव्हतं ना?"

"न्हाई भाऊ. कुनी न्हाई. तुमी एकलेच हुता."

"हं," म्हणाले. नट करकरल्यावर म्हणायचे तसंच. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेलेले होते.

रंगाऱ्यानं सगळं कबूल केलं. त्यानं तीन गाड्यांचे नट पान्यानं आवळले होते. उरलेल्या गाडीचं, भाऊ तिसरी म्हणून घेऊन गेले तिचंच, शेवटचं चाक राहिलं तेवढ्यात पूजेची वेळ झाली आणि आईंनी पाना मागितला. त्यानं तो नट हातानं फिरवून बसवला, पाना देऊन टाकला, आणि वर रेघ ओढली. मनात होतं, पूजा सुटल्यावर बघू. मग मजुरी घेऊन गावी गेला. सणाचा दिवस, विसरला. त्याला तरी काय बोलायचं? आईंनी मागितल्यावर तोही नाही म्हणू शकला नाही.

भाऊंना नगरजवळच्या त्यांच्या गावी चर्चच्या मागच्या जागेत माती दिली. आई एसटीनं आल्या होत्या, नऊवारीचा पदर तोंडावर घेऊन. भाऊंच्या पुतण्यानं सांगितल्यावर सगळ्यांसारखी मूठभर माती त्यांनीही टाकली. परत येताना गाडीत माझा हात धरून बसल्या. संगमनेर गेल्यावर बोलल्या, "मागितला आसता तर मी न्हाई म्हनले आसते का गं?"

"न्हाई आई."

"मग का न्हाई मागितला?"

मला सांगता येत होतं, पण मी सांगितलं नाही. मला भाऊंचा अजून राग येतो. एवढं कुणाचं मन राखायचं असतं का हो? जिचं राखायचं ती बाई आता रात्रभर जागी असते. एका शब्दाचं काम होतं. मी रोज सकाळी बेसनाची पिशवी उचलते तेव्हा त्यांना एक शिवी हासडते, आणि मग डोळे पुसून कांदा चिरायला घेते, म्हणजे कुणी विचारत नाही.

मालकानं आता सगळे एक्सल बदलले. नव्या पिना आहेत. तरी तो रोज सकाळी स्वतः पाइपवर उभा राहतो. त्याला पीठ लागत नाही, तो चांगला जाडजूड आहे. लाल रेघ ओढतो ती वाकडी येते.

यंदा खंडेनवमीला मी शेडमध्ये होते. आईंनी पाट मांडला, हातोडी, पंप, पकडी, सगळं ओळीनं ठेवलं. मधली जागा मोकळी राहिली. मालकानं पाना आणला नव्हता. पाना शेडबाहेर खांबाला खिळ्यावर टांगलेला होता, रोजच्यासारखा तेलकट, केव्हाही काढून घेता येईल असा. आईंनी पूजा उरकली, उठल्या, बोटावर उरलेलं कुंकू घेऊन बाहेर आल्या आणि त्या खांबापाशी थांबल्या. हात पुढे केला. बोट पार पान्याच्या जवळ नेलं.

मग मागे घेतलं, आणि पदराला पुसलं.